इंजिनाचा स्ट्रोक वाढवावा का? पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड निवडताना

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण. श्रोत्यांच्या मागणीवरून छापले आहे.)



आज मी पिकावर, खतावर किंवा किडीवर बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते नदीकाठच्या, नाल्यावरच्या आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनाविषयी. आता पुष्कळ गावांत विजेचे पंप आहेत, सौर पंपही आले आहेत. तरी वीज नसते त्या वेळी आणि खांब पोचलेले नाहीत त्या शेतात भिस्त असते ती इंजिनावरच. त्यातही एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारे इंजिन आपल्याकडे बरेच वापरात आहे. पाण्याची टाकी नको, नळ्या नकोत, बैलगाडीत टाकले की निघाले.

असे इंजिन काही वर्षे चालले की ऑइल खायला लागते, निळा धूर टाकते, सुरू करताना हँडल मारून मारून खांदा दुखतो. मग ते मिस्त्रीकडे जाते. तिथे हमखास एक सल्ला मिळतो : "इंजिन खोललंच आहे, तर मोठ्या मॉडेलचा क्रँक टाकून देऊ. स्ट्रोक वाढेल, ताकद वाढेल, पाणी जोरात येईल." हे खरे का, आणि करायचे झाले तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड कोणता घ्यायचा, अशी पत्रे आली आहेत. त्यांचे उत्तर आज देतो.

एक घडलेली गोष्ट

मी कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या काकांचे इंजिन उतरवले होते. चैत्र महिना, शेतात उन्हाळी भुईमूग, शेंगा भरायची वेळ. गॅरेजवाल्याने मोठ्या स्ट्रोकचा क्रँक घातला. रॉड जुनाच ठेवला. पिस्टन हेडला लागतो असे दिसल्यावर सिलिंडरच्या खाली कागदी पॅकिंगचे थरावर थर दिले. रॉडचे बोल्टही जुनेच आवळले. इंजिन सुरू झाले, आवाज भारदस्त आला, काका खूश.

तीन दिवस पाणी चांगले आले. चौथ्या दिवशी ठक्‌ठक् आवाज सुरू झाला. गरम होऊन पॅकिंग दबले होते आणि पिस्टन हेडला टेकू लागला होता. काकांना वाटले, नवीन आहे, बसेल जागेवर. दुपारी रॉडचा बोल्ट तुटला आणि रॉडने क्रँककेस फोडून बाहेर तोंड काढले. काका दहा पावलांवर बांधावर बसले होते, म्हणून अंगावर बेतले नाही. पण भुईमुगाच्या दोन पाळ्या चुकल्या. शेंगा पोचट राहिल्या. इंजिन भंगारात गेले ते वेगळेच.

त्या दिवसापासून मी इंजिनाकडेही पिकासारखेच पाहू लागलो. बी एका जातीचे, खत भलत्याच हिशेबाचे आणि पाणी तिसऱ्याच वेळापत्रकाचे दिले तर पीक येईल का? इंजिनाचेही तसेच आहे. क्रँक, रॉड, पिस्टन आणि हेड ही एका घरची माणसे आहेत. एकाला बदलले की बाकीच्यांचा विचार करावाच लागतो.

स्ट्रोक म्हणजे काय?

पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढे अंतर चालतो त्याला स्ट्रोक म्हणतात. सिलिंडरच्या भोकाचा व्यास म्हणजे बोअर. आपल्याकडे चालणाऱ्या किर्लोस्करच्या टीएएफ-१ या एअर-कूल्ड इंजिनाचे उदाहरण घेऊ. त्याचा बोअर ८७.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ११० मिलिमीटर आहे. म्हणजे पिस्टन एका फेरीत सुमारे ६६१ सीसी जागा झाडून काढतो. याचे कॉम्प्रेशन १७.५ ला १. म्हणजे पिस्टन अगदी वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर फक्त ४० सीसी जागा उरते. एवढी हवा एवढ्याशा जागेत दाबली जाते तेव्हाच ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही, त्याचे कारण हेच.

आता कोणी ११० च्या जागी १२० मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक घातला असे समजा. पिस्टन वर ५ मिलिमीटर जास्त जाणार आणि खाली ५ मिलिमीटर जास्त येणार. खाली कदाचित जागा असेल. पण वर? पिस्टनचा माथा आणि हेड यांत असतो तो साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचा फट. तिथे ५ मिलिमीटर कुठून आणणार? जुनाच रॉड आणि जुनाच पिस्टन ठेवला तर पिस्टन हेडवर आणि व्हॉल्व्हवर आपटणारच.

यावर उपाय तीनच आहेत. पहिला, रॉड ५ मिलिमीटर आखूड घ्यायचा. दुसरा, असा पिस्टन घ्यायचा की ज्यात पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची ५ मिलिमीटर कमी आहे. तिसरा, सिलिंडरच्या खाली ५ मिलिमीटरची धातूची चकती देऊन सिलिंडर उचलायचा. हवेच्या इंजिनात सिलिंडर क्रँककेसपासून वेगळा असतो, म्हणून हे जमते. पण प्रत्येक उपायाला किंमत आहे.

रॉड आखूड केला की तो जास्त तिरपा होतो आणि पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर जास्त जोराने दाबतो. बोअर एका बाजूने लवकर झिजतो. पिस्टनची उंची कमी केली तर रिंगांना आणि पिनला जागा कमी पडते, माथा पातळ होण्याची भीती असते. सिलिंडर उचलला तर पुशरॉड लांब करावे लागतात, डिझेलची नळी ओढली जाते, वाऱ्याचे पत्र्याचे कव्हर नीट बसत नाही, आणि खाली आल्यावर पिस्टनचा घागरा सिलिंडरच्या बाहेर डोकावतो.

आणि कॉम्प्रेशन? वरची जागा ४० सीसीच राहिली आणि खालची ७२१ सीसी झाली, तर कॉम्प्रेशन १९ ला १ होते. बेअरिंग, रॉड, हेडचे बोल्ट सगळ्यांवर भार वाढतो.

हे काम जगात कोणी करत नाही असे नाही. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल मोटारीचे इंजिनही हवेनेच थंड होते. तिच्या १६०० सीसीच्या इंजिनाचा स्ट्रोक ६९ मिलिमीटर. परदेशातले शौकीन लोक त्यात ७८ किंवा ८२ मिलिमीटरचा क्रँक बसवतात. पण ते त्या क्रँकसाठी बनवलेले रॉड घेतात, पिन वर सरकवलेले पिस्टन घेतात, क्रँककेस आतून घासतात आणि प्रत्येक माप तीनदा घेतात. शिवाय त्यांची ती हौस असते. आपले इंजिन भर उन्हात एका दमात आठ तास चालते. हा फरक विसरू नका.

ताकद किती वाढते आणि उष्णता किती?

११० चा १२० स्ट्रोक केला तर जागा वाढते नऊ टक्के. पण ताकद डिझेलमधून येते, नुसत्या जागेतून नाही. जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल जाळावे लागते, आणि जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. सिलिंडरवरचे पंख तेवढेच, वारा देणारा पंखा तोच. पाण्याच्या इंजिनात तापलेले पाणी निदान इशारा देते. हवेचे इंजिन बोलत नाही, एकदम पिस्टन धरून बसते.

आणखी एक हिशेब ऐका. १५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात पिस्टन एका सेकंदात २५ वेळा वर आणि २५ वेळा खाली जातो. प्रत्येक टोकाला तो क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. त्या वेळी त्याला ओढून धरतो तो कनेक्टिंग रॉड. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून वजन एक किलो धरले, तर ११० मिलिमीटर स्ट्रोकमध्ये वरच्या टोकाला रॉडवर सुमारे १७० किलोचा ताण येतो. स्ट्रोक १२० केला आणि रॉड ५ मिलिमीटर आखूड घेतला, तर तोच ताण १९० किलोवर जातो. आणि पिस्टन नुसता १०० ग्रॅम जड बसवला, तरी १७ किलो ताण वाढतो. हा ताण एकदा नाही, आठ तासांत लाखो वेळा येतो. काकांचा बोल्ट का तुटला ते यावरून कळेल.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे : पंपाच्या इंजिनाचा स्ट्रोक वाढवू नका. इंजिन ज्या मापाचे आहे त्याच मापाचे, चांगल्या प्रतीचे सुटे भाग घालून ते नव्यासारखे करा. त्यासाठी पिस्टन आणि रॉड कसा निवडायचा ते आता सांगतो.

पिस्टन निवडताना

दुकानात जाताना तीन गोष्टी बरोबर न्या : जुना पिस्टन, इंजिनाचा मॉडेल आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि बोअरचे माप. "८७.५ चा पिस्टन द्या" एवढेच म्हणू नका. बोअर एकच, पण उंची वेगळी, असे पिस्टन बाजारात असतात. फसगत होते ती इथेच.

जुना आणि नवा पिस्टन काचेवर शेजारी ठेवा. पिनच्या भोकात पिन घालून, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची कॅलिपरने मोजा. माथ्यावरच्या खळग्याची रुंदी-खोली मोजा. पिनची जाडी मोजा. दोन्ही पिस्टन किराणावाल्याच्या काट्यावर तोलून पाहा. उंची १ मिलिमीटर जास्त असेल तर पिस्टन हेडला लागेल. १ मिलिमीटर कमी असेल तर वरची जागा ६ सीसीने वाढेल आणि कॉम्प्रेशन १७.५ वरून १५ च्या जरा वर येईल. मग थंडीच्या सकाळी इंजिन सुरू होणार नाही, पांढरा धूर टाकेल, आणि तुम्ही नोझलला दोष देत बसाल.

बोअर झिजला असेल तर सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. अशा वेळी आधी पिस्टन विकत घ्या, मग तो लेथवाल्याच्या हातात द्या. त्याने पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर करावा. आधी बोअर करून मग पिस्टन शोधणे म्हणजे आधी जू करून मग बैल शोधण्यासारखे आहे. पिस्टनचा व्यास पिनला आडव्या बाजूला, घागऱ्याच्या खालच्या भागात मोजायचा. पिस्टन पूर्ण गोल नसतो, वर निमुळता असतो. तो तसाच बनवलेला असतो, तो वाकडा नव्हे.

पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते. आणि हवेच्या इंजिनाचा सिलिंडर पाण्याच्या इंजिनापेक्षा जास्त तापतो. म्हणून पिस्टन आणि बोअर यांत किती फट ठेवायची ते इंजिनाच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा. "घट्ट बसवला, आता दहा वर्षे बघायला नको" असे मिस्त्री म्हणाला तर समजा की दहा तासांतच पिस्टन धरणार.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक करून बोअरमध्ये सरळ बसवा आणि तोंडाची फट फीलर गेजने पाहा. दर २५ मिलिमीटर बोअरला साधारण ०.१० मिलिमीटर, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ८७.५ ला ०.३५ च्या आसपास. पुस्तिकेत आकडा असेल तर तोच खरा. रिंगांची तोंडे एका ओळीत आणू नका, फिरवून लावा. रिंगवर "टॉप" असे लिहिलेले असेल तर ती बाजू माथ्याकडे.

कनेक्टिंग रॉड निवडताना

रॉडचे सर्वांत मोठे माप म्हणजे दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर. वर सांगितलेल्या बोअर-स्ट्रोकच्या इंजिनात ते २३४ मिलिमीटर धरतात. बाहेरून दोन रॉड जुळ्या भावांसारखे दिसतात, पण मधल्या अंतरात दोन मिलिमीटरचा फरक असला तरी कॉम्प्रेशनचे गणित कोसळते. म्हणून नवा किंवा जुना कोणताही रॉड घेताना आपल्या रॉडशी पिन घालून मापाने जुळवा.

जुनाच रॉड वापरायचा असेल तर तो सरळ आहे का, त्याला पीळ पडला आहे का, हे चांगल्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या. एकदा पिस्टन धरलेल्या किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरलेल्या इंजिनाचा रॉड बहुधा वाकलेला असतो. वाकलेला रॉड ठोकून सरळ करू नका आणि तडा गेलेल्याला वेल्डिंग करू नका. तो भंगारातच जाऊ द्या. वरच्या बुशमध्ये पिन ऑइल लावून अंगठ्याने ढकलली तर सरकावी, पण हलवल्यावर खुळखुळू नये. बुश नवा घातला तर त्याचे ऑइलचे भोक रॉडच्या भोकासमोर आले की नाही ते पाहा. हे भोक बंद झालेले रॉड मी स्वतः पाहिले आहेत.

रॉड आणि त्याची कॅप यांवर एकच नंबर असतो. ते नंबर एकाच बाजूला आले पाहिजेत. एका रॉडची कॅप दुसऱ्याला लावू नका. बेअरिंग ढिले झाले म्हणून कॅप कानशीने घासणे हा तर गुन्हाच समजा. क्रँक झिजला असेल तर तो घासून, त्या मापाचे अंडरसाइज बेअरिंग घालायचे असते.

आणि बोल्ट. बंधूंनो, सगळ्या खर्चात बोल्टांचा खर्च सर्वांत लहान असतो, आणि वाचवायला जातो तो आपण तोच. प्रत्येक ओव्हरहॉलला रॉडचे बोल्ट-नट नवे घाला. ते टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे, दोन-तीन टप्प्यांत आवळून घ्या. पान्याला पाइप लावून अंगाच्या जोराने आवळलेला बोल्ट घट्ट होत नाही, तो ताणला जातो.

जुळवल्यावरची तपासणी

इंजिन जुळवताना तुम्ही स्वतः समोर बसा. डिझेल बंद ठेवून फ्लायव्हील हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायला सांगा. कुठे अडते का, रॉडचे डोके क्रँककेसला घासते का, पाहा.

मग शिशाच्या तारेची परीक्षा करा. पिस्टनच्या माथ्यावर, खळग्याच्या बाहेर, पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना शिशाच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवा. गॅस्केट घालून हेड पूर्ण आवळा. फ्लायव्हील हाताने वरच्या टोकावरून एकदा पलीकडे न्या. हेड काढून दबलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजा. तीच पिस्टन आणि हेड यांमधली खरी फट. ती पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळली पाहिजे. कमी-जास्त असेल तर सिलिंडरखालची योग्य जाडीची मूळ चकती बदलून जुळवतात, कागदाचे थर देऊन नाही. या कामाला तासभर लागतो. आमच्या काकांच्या इंजिनात कोणी हा तासभर दिला असता, तर भुईमूग वाचला असता.

पहिल्या दिवशी इंजिनावर पूर्ण भार टाकू नका. आधी थोडा वेळ रिकामे, मग हलक्या भारावर चालवा. पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनंतर पहिले ऑइल बदला. नव्या रिंगांची भुकटी त्या ऑइलबरोबर निघून जाते. सिलिंडरचे पंख चिखल, ऑइल आणि काडीकचऱ्याने बुजू देऊ नका. पत्र्याचे कव्हर काढून इंजिन चालवू नका, त्यानेच वारा पंखांवर जातो.

मग पाणी जास्त कसे येईल?

हा प्रश्न उरतोच. १५ मीटर उंचीवर सेकंदाला १० लिटर पाणी चढवायला पाण्याचा हिशेब फक्त २ अश्वशक्तीचा आहे. पंप निम्मीच ताकद कामी लावतो असे धरले तरी ४ अश्वशक्ती लागते. म्हणजे ६ अश्वशक्तीचे इंजिन धडधाकट असेल तर ते कमी पडत नाही. कमी पडते ते दुसरीकडेच. फूटव्हॉल्व्ह गळतो. सक्शनच्या जोडातून हवा शिरते. पंप पाण्यापासून फार उंच ठेवलेला असतो. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे पंप पाणी नीट ओढत नाही. तीन इंचांच्या जागी अडीच इंची पाइप घातलेला असतो. तेवढ्याच पाण्याला त्यात घर्षण सुमारे अडीचपट होते. पंपाचा इंपेलर झिजलेला असतो. आधी हे पाहा. बहुतेक वेळा हरवलेले पाणी इथेच सापडते. आणि खरोखरच जास्त ताकद लागत असेल, तर कारखान्याने तेवढ्या ताकदीचे बनवलेले इंजिन घ्या.

लक्षात ठेवा

१. पंपाच्या एअर-कूल्ड इंजिनाचा स्ट्रोक वाढवू नका.
२. पिस्टन बोअरवर नव्हे, तर उंची, खळगा, पिन आणि वजन पाहून घ्या.
३. आधी पिस्टन घ्या, मग त्याच्या मापाने बोअर करा.
४. रॉड मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. वाकलेला किंवा जोडलेला रॉड नको.
५. रॉडचे बोल्ट दर वेळी नवे, टॉर्क पान्याने आवळलेले.
६. हेड बसवताना शिशाच्या तारेची परीक्षा करा.
७. नवा आवाज आला की इंजिन त्याच क्षणी बंद करा. उद्यावर टाकू नका.
८. सुट्या भागांची पावती जपून ठेवा.

इंजिन उतरवायचे असेल तर ते पीक उभे असताना नको, पावसाळ्यात काम नसते तेव्हा उतरवा. घाई नसली की मिस्त्रीही नीट काम करतो आणि आपणही नीट विचार करतो.